विषुवांश आणि क्रांतीवरून तारा शोधण्याची रीत

ताऱ्यांच्या यादीत देवयानी दीर्घिकेसमोर (अँड्रोमेडा गॅलेक्सी) ‘विषुवांश ० होरा ४३ मिनिटे, क्रांती +४१ अंश १६ कला’ असे लिहिलेले आढळते. हे दोन आकडे आकाशातील जागा सांगतात, त्यांचा अर्थ तिसऱ्या पायरीत येईल. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ही यादी पुण्यात उघडली काय किंवा लंडनमध्ये उघडली काय, संध्याकाळी पाहिली काय किंवा पहाटे पाहिली काय, आकडे तेच राहतात. गच्चीवर उभ्या असलेल्या नवशिक्याला मात्र वेगळेच काही हवे असते. आत्ता तोंड कोणत्या दिशेला करायचे आणि नजर किती वर न्यायची, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. यादीतील आकड्यांवरून या उत्तरापर्यंत जाण्यासाठी पुस्तके सहसा गोलीय त्रिकोणमितीचा आधार घेतात आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक मिटतात. वास्तविक, तारा उत्तर-दक्षिण रेषेवर येईपर्यंत थांबण्याची तयारी असेल, तर सगळे काम एका वजाबाकीत आणि घड्याळाच्या थोड्या हिशेबात भागते. तीच रीत येथे क्रमाने सांगितली आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याची, म्हणजे १८.५ अंश उत्तर अक्षांशाची आहेत. आपल्या गावाचा अक्षांश घालून ती कोणालाही बदलून घेता येतील.

पहिली पायरी : क्षितिजावरून मोजणे

आकाशातील जागा सांगण्याची सर्वांत स्वाभाविक पद्धत म्हणजे दिशा आणि उंची. खगोलशास्त्रात यांना दिगंश आणि उन्नतांश म्हणतात. दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. उत्तरेला शून्य, पूर्वेला ९०, दक्षिणेला १८० आणि पश्चिमेला २७० अंश येतात; उपदिशा मध्ये बसतात, म्हणजे ईशान्य ४५ आणि आग्नेय १३५ अंशांवर. उन्नतांश क्षितिजावर शून्य आणि डोक्याच्या थेट वर, खमध्यावर, ९० असतो.

मोजण्याचे साधन म्हणून आपला हात पुरेसा आहे. हात पूर्ण लांब करून मूठ वळली, तर तिची रुंदी आकाशात सुमारे १० अंश झाकते. मधली तीन बोटे मिळून ५ अंश, करंगळी एक अंश, आणि ताणलेली वीत २० अंशांहून थोडी जास्त. लहान मुलाचा हात आखूड असतो तशी त्याची मूठही लहान असते, त्यामुळे हे प्रमाण त्याच्या बाबतीतही जवळपास तेच राहते. चंद्राचा व्यास केवळ अर्धा अंश आहे, हे करंगळीने एकदा पडताळून पाहावे. उगवता चंद्र कितीही मोठा भासला तरी अर्ध्या करंगळीत मावतो.

मुठीने दोन-तीन अंशांची चूक सहज होते, पण त्याने बिघडत नाही, कारण साध्या द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) एका वेळी सहा-सात अंशांचे आकाश दिसते. याहून नेमके मोजायचे असेल तर शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवावी आणि मध्यबिंदूतून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडावा. स्ट्रॉमधून तारा दिसला की दोरा ज्या अंशावर थांबतो, त्याचा ९० शी असलेला फरक म्हणजे उन्नतांश. सूर्याकडे मात्र हे उपकरण कधीही रोखू नये.

दुसरी पायरी : उत्तर पक्की करणे

होकायंत्र चालते, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जाणवण्याइतका फरक नाही. मात्र लोखंडी कठडा, पाण्याच्या टाकीचा सांगाडा किंवा मोटारसायकल जवळ असेल तर सुई भरकटते. त्यापेक्षा ध्रुवतारा ओळखायला शिकणे शहाणपणाचे आहे, कारण तो दिशेबरोबर आणखी एक गोष्ट सांगतो. कोणत्याही ठिकाणाहून खगोलीय ध्रुवाचा उन्नतांश त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकाच असतो, आणि ध्रुवतारा त्या बिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच आहे. म्हणून पुण्यात तो क्षितिजावर दोन मुठींपेक्षा जरा खाली, नागपुरात दोन मुठींच्या किंचित वर आणि पणजीत दीड मुठीवर दिसतो. महाराष्ट्रात ध्रुव इतका खाली असल्यामुळे उत्तरेला इमारत किंवा धुरकट हवा असली की तो सापडतच नाही, आणि ‘सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे ध्रुव’ ही समजूत असेल तर तो समोर असूनही ओळखू येत नाही. तो दुसऱ्या प्रतीचा, मध्यम तेजाचा तारा आहे.

मार्च ते जून या काळात संध्याकाळी सप्तर्षी वर असतात. चौकोनातील पुलह आणि क्रतू हे दोन तारे जोडणारी रेषा पुलहाकडून क्रतूकडे त्या दोघांमधील अंतराच्या पाचपट वाढवली की ध्रुवतारा येतो. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी मावळलेले असतात. त्या वेळी शर्मिष्ठा तारकासमूहातील पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी आकृती ध्रुवाच्या वर दिसते.

ध्रुव सापडला की उत्तर बिंदूपासून ध्रुव, खमध्य आणि दक्षिण बिंदू यांतून जाणारी कमान मनाने आखावी. हिला याम्योत्तर वृत्त म्हणतात. पुढची सगळी रीत या एका कमानीवर उभी आहे.

तिसरी पायरी : ताऱ्यांना चिकटलेल्या रेषा

दिगंश आणि उन्नतांश यांची अडचण ही की पृथ्वी फिरते, त्यामुळे ते क्षणोक्षणी बदलतात आणि गावागणिक वेगळे असतात. म्हणून यादीसाठी दुसरी जाळी वापरतात. पृथ्वीचे विषुववृत्त आकाशापर्यंत ताणले की खगोलीय विषुववृत्त मिळते. त्याच्यापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला तारा जितके अंश असेल ती त्याची क्रांती. उत्तरेला धन, दक्षिणेला ऋण. पृथ्वीवरील अक्षांशाचे हे आकाशातील रूप होय.

क्रांती डोळ्यांनी अनुभवण्याची उत्तम संधी उन्हाळ्यात मिळते. सूर्याची क्रांती वर्षभरात −२३.४ ते +२३.४ अंशांमध्ये बदलते, आणि ज्या दिवशी ती आपल्या अक्षांशाइतकी होते त्या दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर खमध्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस पुण्यात १३ मेच्या आसपास येतो आणि सावली १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास हरवते. मुंबई थोडी उत्तरेला असल्याने तिथे तो दोन-तीन दिवसांनी येतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात.

खगोलीय विषुववृत्त कुठून जाते हे रात्री पाहायचे असेल तर मृग नक्षत्र पाहावे. मृगाच्या पोटातील बाणाचे जे तीन तारे आहेत, त्यांतील सर्वांत पश्चिमेकडचा, म्हणजे आधी उगवणारा तारा, विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. त्याची क्रांती शून्याखाली जेमतेम पाव अंशाहून थोडी अधिक भरते. म्हणून तो जगात जवळपास सर्वत्र थेट पूर्वेला उगवतो आणि थेट पश्चिमेला मावळतो.

दुसरा आकडा विषुवांश. तो रेखांशासारखा आहे, पण ग्रिनिचसारखा आरंभबिंदू आकाशात कुठे धरायचा? त्यासाठी वसंतसंपात निवडला आहे, म्हणजे २० मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जातो तो बिंदू. तिथे कोणताही ठळक तारा नाही. मात्र त्यातून जाणारी शून्य होरेची रेषा सहज ओळखता येते. शर्मिष्ठेच्या पश्चिम टोकाचा तारा आणि महाश्व तारकासमूहातील मोठ्या चौकोनाची पूर्वेकडील बाजू, म्हणजे उत्तरा भाद्रपदेचे दोन तारे, हे तिन्ही त्या रेषेला लागूनच आहेत. चौकोनाची ती बाजू तिच्याच लांबीइतकी दक्षिणेला वाढवली की आपण वसंतसंपाताजवळ पोहोचतो.

या रेषेपासून विषुवांश पूर्वेकडे मोजतात आणि तो अंशांऐवजी होरा, मिनिटे, सेकंद यांत लिहितात. संपूर्ण वर्तुळ २४ होरांचे, म्हणून एक होरा १५ अंशांची. येथे एक गल्लत हमखास होते आणि सुरुवातीला माझीही झाली होती. विषुवांशाचे मिनिट आणि क्रांतीची कला या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे, पण विषुववृत्तावर विषुवांशाचे एक मिनिट म्हणजे १५ कला. दोन ताऱ्यांच्या विषुवांशात २० मिनिटांचा फरक असेल, तर ते एकमेकांपासून एक तृतीयांश अंश नव्हे, तर ५ अंश दूर असतात. ध्रुवाकडे जाताना रेषा जवळ येत असल्याने हे अंतर आकसते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी : वजाबाकी

तारा याम्योत्तर वृत्तावर येतो तेव्हा तो त्या रात्रीतील आपल्या सर्वोच्च जागी असतो, हवेचा थर सर्वांत कमी आड येतो, आणि त्याचा उन्नतांश काढणे अगदी सोपे असते. आपला अक्षांश आणि ताऱ्याची क्रांती यांतील फरक काढावा आणि तो ९० मधून वजा करावा. क्रांती अक्षांशापेक्षा जास्त असेल तर तारा खमध्याच्या उत्तरेला, कमी असेल तर दक्षिणेला. ऋण क्रांतीच्या बाबतीत फरक काढताना बेरीज होते, हे विसरू नये.

देवयानी दीर्घिकेची क्रांती ४१.३, पुण्याचा अक्षांश १८.५, फरक २२.८, म्हणून उन्नतांश ६७ अंश, उत्तरेकडे तोंड करून. व्याधाची क्रांती −१६.७, फरक ३५.२, म्हणून तो दक्षिणेला ५५ अंशांवर. स्वाती ताऱ्याची क्रांती +१९.२ असल्याने तो मुंबई-पुण्यात जवळजवळ डोक्यावरूनच जातो. अगस्त्याची क्रांती −५२.७, तो पुण्यात १९, नागपुरात १६ आणि पणजीत जवळपास २२ अंशांपर्यंत चढतो, तर लंडनमध्ये उत्तर ऋण येते, म्हणजे तिथल्या क्षितिजावर अगस्त्य कधीच उगवत नाही. सिडनीत राहणाऱ्या वाचकांनी आपला अक्षांश ऋण धरावा. देवयानी दीर्घिका त्यांना उत्तरेला जेमतेम १५ अंशांवर मिळेल.

याच हिशेबातून कळते की पुण्यात −७१.५ अंशांपलीकडील दक्षिणेचे आकाश कधीही दिसणार नाही आणि +७१.५ अंशांपलीकडील तारे कधीही मावळणार नाहीत.

पाचवी पायरी : तो मध्यावर केव्हा येईल

उंची कळली, आता वेळ हवी. त्यासाठी नाक्षत्रकाल समजून घ्यावा लागतो. या क्षणी याम्योत्तर वृत्तावर विषुवांशाची जी रेषा आली आहे, तिचा आकडा म्हणजे आपल्या ठिकाणचा नाक्षत्रकाल. तो ५ होरा असेल, तर ५ होरा विषुवांशाचे सर्व तारे या घडीला मध्यावर आहेत.

तारे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतात, त्यामुळे ते रोज सुमारे ४ मिनिटे आणि महिन्याला २ तास लवकर येतात. यावरून एक साधे कोष्टक पाठ करता येते. स्थानिक मध्यरात्री नाक्षत्रकाल २२ सप्टेंबरला ०, आणि पुढे दर महिन्याच्या २१-२२ तारखेला दोन-दोन होरांनी वाढत २१ डिसेंबरला ६, २१ मार्चला १२ आणि २१ जूनला १८ होरा होतो. मधल्या तारखांसाठी दिवसाला ४ मिनिटे मिळवावीत. मध्यरात्रीच्या आधीची वेळ असेल तर तितके तास वजा करावेत.

‘स्थानिक’ हा शब्द वरवर वाचला तर पाऊण तासापर्यंतची चूक पदरी पडते. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आहे. दर अंशामागे ४ मिनिटे या हिशेबाने स्थानिक मध्यरात्र पुण्यात आणि पणजीत घड्याळाच्या बारानंतर सुमारे ३५ मिनिटांनी, मुंबईत ३८ ते ३९ मिनिटांनी, तर नागपुरात केवळ १४ मिनिटांनी होते.

आता देवयानी दीर्घिकेचे उदाहरण पूर्ण करू. तारीख २१ नोव्हेंबर. स्थानिक मध्यरात्री नाक्षत्रकाल ४ होरा. दीर्घिकेचा विषुवांश ० होरा ४३ मिनिटे, म्हणजे ती मध्यरात्रीच्या ३ तास १७ मिनिटे आधीच मध्यावर येऊन गेलेली असणार. स्थानिक वेळ ८ वाजून ४३ मिनिटे, त्यात पुण्याची ३५ मिनिटे मिळवली की घड्याळात ९ वाजून १८ मिनिटे. त्या वेळी उत्तरेकडे तोंड करून पावणेसात मुठी वर द्विनेत्री रोखली की फिकट, लांबट ढगासारखा ठिपका दृष्टिक्षेत्रात असायला हवा. नसेल, तर मुठीतील चुकीपेक्षा शहराच्या उजेडाचा दोष असण्याची शक्यता अधिक. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी किमान २० मिनिटे द्यावीत, आणि नकाशा वाचण्यासाठी बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावावा.

नकाशाविषयी एक सूचना. ताऱ्यांच्या नकाशात उत्तर वर ठेवली तर पूर्व डावीकडे असते. छपाई चुकली आहे असे समजू नये. नकाशा जमिनीवर न ठेवता डोक्यावर धरून पाहिला की दिशा जुळतात.

मध्यावर नसलेला तारा

थांबायला वेळ नसेल तर नाक्षत्रकालातून विषुवांश वजा करावा. जे उरते त्याला होराकोन म्हणतात. तो धन असेल तर तारा मध्य ओलांडून पश्चिमेला कलला आहे, ऋण असेल तर अजून पूर्वेला आहे. पुष्कळदा एवढी माहिती पुरते. नेमका उन्नतांश हवा असेल तर त्याचे सूत्र असे : उन्नतांशाची ज्या = अक्षांशाची ज्या × क्रांतीची ज्या + अक्षांशाची कोज्या × क्रांतीची कोज्या × होराकोनाची कोज्या. गणकयंत्रावर ज्या म्हणजे साइन आणि कोज्या म्हणजे कोसाइन. साइन हा शब्दच मुळात आपल्या ‘ज्या’वरून अरबी आणि लॅटिनमार्गे वळसा घालून परत आला आहे. वरच्या उदाहरणात आणखी तीन तास थांबलो, तर होराकोन ४५ अंश होईल आणि दीर्घिका ६७ वरून साधारण ४५ अंशांपर्यंत उतरलेली मिळेल.

दुर्बीण कोणत्या जाळीवर फिरते

दुर्बीण विकत घेताना हा प्रश्न येतोच. साधी बैठक आडवी आणि उभी फिरते, म्हणजे ती दिगंश-उन्नतांशाच्या जाळीवर चालते. ती स्वस्त आणि समजायला सोपी, पण ताऱ्याचा पाठलाग करताना दोन्ही अंगांनी हलवावी लागते. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, पुण्यात क्षितिजाशी १८.५ अंशांचा कोन करून. तो एकच अक्ष सावकाश फिरवला की तारा दृष्टिक्षेत्रात टिकतो. छायाचित्रे काढायची नसतील तर नवशिक्याने साधीच बैठक घ्यावी, असे माझे मत आहे.

मोठ्या उपकरणांतही हे दोन्ही प्रकार दिसतात. उटीची रेडिओ दुर्बीण ५३० मीटर लांब आहे. ती मुद्दाम अशा डोंगरउतारावर उभारली गेली, की त्या उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश, आहे. त्यामुळे तिचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मात्र दिगंश-उन्नतांशावर फिरतात, आणि विषुवांश-क्रांतीचे रूपांतर संगणक अखंड करत राहतो.

पंचांगातील तिसरी जाळी

मराठी वाचकाला आणखी एक पद्धत नकळत परिचयाची असते. सूर्याचा वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. त्याचे १३ अंश २० कलांचे २७ भाग म्हणजे पंचांगातील नक्षत्रे. ७-८ जूनला ‘मृग लागला’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा सूर्याने क्रांतिवृत्तावरील मृगाच्या विभागात प्रवेश केला आहे, असे तो सांगत असतो. म्हणजेच मृग लागतो तेव्हा आकाशातील मृग सूर्याच्या उजेडात हरवलेला असतो. त्याला रात्री शोधायचे तर हिवाळा यावा लागतो.

पंचांगाची ही मोजणी ताऱ्यांना धरून चालते, तर विषुवांशाची वसंतसंपाताला धरून, आणि वसंतसंपात स्वतः स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो, त्यामुळे हा बिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. दोन्ही मोजण्यांत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडला आहे. मकरसंक्रांत २२ डिसेंबरऐवजी जानेवारीच्या मध्यावर येते ती यामुळेच. वसंतसंपात एके काळी मृगात होता, या आधारावर लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये वेदकाळाविषयी आपला तर्क मांडला होता. आपल्या कामापुरते पाहायचे तर, नव्या याद्यांतील आकडे बहुधा २००० सालासाठीचे असतात. तेव्हापासून पडलेला फरक चंद्राच्या व्यासाहूनही लहान आहे, त्यामुळे द्विनेत्रीने पाहणाऱ्याने त्याची चिंता करू नये.

सरावासाठी एक गुच्छ

नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनहून कधीच दिसत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातून तो चांगला दिसतो. त्याचा विषुवांश १३ होरा २७ मिनिटे आणि क्रांती −४७.५ अंश. वजाबाकी केली की पुण्यात उन्नतांश २४ अंश येतो. वेळ पाहू. २१ एप्रिलला स्थानिक मध्यरात्री नाक्षत्रकाल १४ होरा, म्हणून गुच्छ ३३ मिनिटे आधी मध्यावर येतो, म्हणजे घड्याळात रात्री बाराला. ६ मे रोजी अकराला आणि २१ मे रोजी दहाला. चित्रा ताऱ्याचा विषुवांश १३ होरा २५ मिनिटे, म्हणजे तो याच रेषेवर आहे आणि त्याच सुमारास दक्षिणेला ६० अंशांवर असतो. चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी उतरले की गुच्छ येतो. दक्षिण क्षितिज मोकळे आणि शहराचा उजेड मागे असेल अशी जागा निवडावी. द्विनेत्रीत तो टोकदार ताऱ्यासारखा न दिसता कापसाच्या गोल बोळ्यासारखा दिसतो.